इंजिन हलकं केलं, मग उष्णतेचं काय केलं?

गेल्या अंकात शेतावरच्या जुन्या ऑइल इंजिनांबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहून गेलो होतो. आमच्या गुऱ्हाळावरचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तीनशे किलोंच्या घरात होतं, आणि राइट बंधूंनी १९०३ साली बारा हॉर्सपॉवर ऐंशी-ब्याऐंशी किलोंत बसवली, एवढंच ते वाक्य. लेख पंप आणि गुऱ्हाळांवर होता, पण पत्रं आली ती सगळी त्या एका ओळीवर. म्हणून या वेळी सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे.

इचलकरंजीहून यंत्रमागाचे सुटे भाग करणारे एक वाचक विचारतात: १९०३ साली मोटारगाड्या होत्या, त्यांची इंजिनं होती. मग राइट बंधूंना तयार इंजिन का मिळालं नाही? आणि सायकलच्या दुकानात असं इंजिन बनलं कसं? आमच्याकडे चार लेथ आहेत, तरी मला हे झेपेल असं वाटत नाही.

तुमच्याकडे चार लेथ आहेत. त्यांच्याकडे एक लेथ होता, एक ड्रिलिंग मशीन होतं आणि त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर होता. हे तिसरं नाव शाळेच्या पुस्तकात नसतं, म्हणून मी ते आधी सांगतो. मी पस्तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची पोरं शिकवली आणि प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात या माणसाची गोष्ट सांगितली.

मोटारगाडीचं इंजिन तेव्हा होतं, पण ते जमिनीवर चालणाऱ्या वस्तूसाठी केलेलं. गाडीला पन्नास किलो जास्त झाले तर काही बिघडत नाही. उलट बीडाचा जाड ब्लॉक असला की कंपनं कमी होतात आणि कारागिराची थोडी चूक खपून जाते. राइट बंधूंनी १९०२ च्या अखेरीस बऱ्याच कारखान्यांना पत्रं पाठवली. आठ-नऊ हॉर्सपॉवर हवी, वजन १८० पौंडांच्या, म्हणजे ८२ किलोंच्या आत हवं, कंपनं कमी हवीत, अशी मागणी होती. एका गिऱ्हाइकाच्या एका नगासाठी नवे साचे कोण करणार? कामाचं उत्तर आलं नाही. मग अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानातच करायचं ठरलं.

टेलर १९०१ पासून त्यांच्याकडे कामाला होता. पगार आठवड्याला १८ डॉलर. त्याआधी पेट्रोल इंजिनाशी त्याचा संबंध फार थोडा आला होता. व्यवस्थित ड्रॉइंग कुणी काढलंच नाही. एखाद्या भागाबद्दल बोलणं झालं की कागदाच्या तुकड्यावर आकृती काढायची आणि तो तुकडा टेलरच्या बाकावर खिळ्याला अडकवायचा. सहा आठवड्यांत इंजिन उभं राहिलं.

तुम्ही टर्नर आहात म्हणून क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनची ये-जा गोल फिरण्यात बदलणाऱ्या वाकड्या दांड्याचं, सविस्तर सांगतो. टेलरने हाय कार्बन पोलादाची एक पट्टी घेतली. लांबी ३१ इंच, रुंदी ६ इंच, जाडी दीड इंचाच्या थोडी वर. तिच्यावर चार क्रँकच्या शाफ्टची बाह्यरेषा आखली. त्या रेषेवर ड्रिलने भोकाला भोक लावत रांग पाडली, गोधडीला टाके घालावेत तशी. मग छिन्नी-हातोडीने जास्तीचं पोलाद झोडून काढलं. जे उरलं ते लेथवर धरून जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) आणि क्रँकपिन (पिस्टनचे दांडे जिथे जोडतात ते भाग) टर्न केल्या. मापांवरून हिशेब केला तर मूळ पट्टी ३८ किलोंच्या पुढे भरते. तयार शाफ्टचं वजन १९ पौंड, म्हणजे साडेआठ किलोंहून थोडं जास्त. म्हणजे एकोणतीस-तीस किलो पोलाद भुशाच्या आणि तुकड्यांच्या रूपात जमिनीवर पडलं. क्रँकपिन टर्न करताना शाफ्ट ऑफसेंटर फिरतो, लेथ थडथडतो, आणि हाय कार्बन पोलाद टूल खाऊन टाकतं. हे तुम्हाला मी सांगायला नको. ते काम एका माणसाने, आजच्यासारखी कार्बाइडची टिप हाताशी नसताना केलं, याचं मोल तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

बाकी वजन वाचलं ते क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात बसतो त्या पेटीत. ती डेटनच्याच एका फाउंड्रीत अॅल्युमिनिअममध्ये ओतली, साधारण आठ टक्के तांबं मिसळून. त्यात बीडाचे चार सिलिंडर आडवे बसवले. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, चार इंच; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, चार इंच. १९९० च्या दशकात धातुशास्त्रज्ञांनी त्या मूळ क्रँककेसचा बारीक नमुना तपासला. साच्यातल्या उष्णतेनेच तो मिश्रधातू आतून कडक झाला होता, ज्याला आज एज हार्डनिंग म्हणतात, असं त्यांना आढळलं. या गुणाचा शोध जर्मनीत आल्फ्रेड विल्मच्या नावावर आहे, साल १९०६. डेटनच्या ओतकाम करणाऱ्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी चांगलं ओतलं, एवढंच.

आता काय काय नव्हतं ते ऐका. स्पार्क प्लग नव्हता. सिलिंडरच्या आत दोन टोकं एकमेकांपासून सुटली की ठिणगी पडायची. पेट्रोलचा पंप नव्हता. टाकी वर टांगलेली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरायचं. आपण ज्याला कार्ब्युरेटर म्हणतो तसलं काही नव्हतं. पेट्रोल इंजिनाशेजारच्या एका उथळ पेटीत ठिबकायचं आणि तिथल्या उष्णतेने त्याची वाफ व्हायची. वायू आत घेणारी झडप, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, उघडायला कॅम नव्हता. पिस्टनच्या ओढीने तो आपोआप उघडायचा. वेग कमी-जास्त करायची सोयही नव्हती.

यात एक मोठी गोष्ट राहून गेली. सिलिंडरच्या भिंतींभोवती पाणी खेळत होतं, पण जिथे स्फोट होतो त्या डोक्याच्या भागाला पाणी नव्हतं. इंजिन थंड असताना सुरू केलं की सोळा हॉर्सपॉवर द्यायचं. मिनिटभरात डोकं तापायचं, आत येणारा वायू तिथेच गरम होऊन फुगायचा, म्हणजे त्याच जागेत कमी मावायचा, आणि ताकद बारावर यायची. पहिल्या दिवशीच्या चार उड्डाणांतलं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं, २६० मीटर. तेवढ्यापुरती बारा हॉर्सपॉवर पुरली. पुढची दहा वर्षं हलकी इंजिनं करणाऱ्या प्रत्येकाला या एकाच अडचणीने गाठलं. धातू काढून टाकला की उष्णता साठवायला आणि वाहून न्यायला कुणी उरत नाही. खालच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा भेटेल.

एक सांगायचं राहिलं. पहिली क्रँककेस फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी फुटली. ठिबकणारं पेट्रोल बेअरिंगवर गेलं, वंगण धुऊन निघालं, बेअरिंग जाम झालं. नवी ओतून यायला एप्रिल उजाडला. तेव्हा झेपणार नाही असं म्हणू नका. त्यांनाही पहिल्या खेपेला झेपलं नव्हतं.

पुण्याहून एक वाचक: माझ्या मुलाच्या १५० सीसी मोटरसायकलचं इंजिनही बारा-तेरा हॉर्सपॉवर देतं. तेच लावलं असतं तर विमान उडालं असतं का?

ताकदीच्या हिशेबाने हो, आणि वजनात मोठी बचत होऊन. पण तुमच्या मुलाचं इंजिन ती ताकद मिनिटाला आठ-साडेआठ हजार फेऱ्यांवर देतं. राइटांचं इंजिन ३.३ लिटरचं होतं आणि हजाराच्या आसपास फेऱ्यांवर चालायचं. तेवढा वेगही त्यांच्या लांबलचक लाकडी प्रोपेलरांना जास्त होता. सायकलसारख्या साखळ्या आणि चक्रं लावून तो साडेतीनशेच्या आसपास उतरवला होता. तुम्हाला आठ हजारांवरून साडेतीनशेवर यायचं तर गिअरबॉक्स लागेल, आणि तिचं वजन वाचलेल्या वजनातून वजा करावं लागेल. तरीही उडालं असतं असं मला वाटतं. १९०३ साली आठ हजार फेऱ्या सोसणारे व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि बेअरिंग करणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी सिलिंडर मोठे आणि चाल संथ ठेवली.

रत्नागिरीहून एक निवृत्त शिक्षिका लिहितात: ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा पावसाने त्याचं इंजिन वाचवलं, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. ते खरं आहे का?

बाई, तसं सांगितलं जातं खरं, आणि ती घटना घडण्याजोगी मात्र नक्की होती.

२५ जुलै १९०९ ला ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाकडे जे इंजिन होतं ते आलेसांद्रो अंझानीचं. हा मूळ मिलानचा, पॅरिसजवळ मोटरसायकलची इंजिनं करणारा. तीन सिलिंडर, पंख्याच्या पात्यांसारखे वर पसरलेले, २५ हॉर्सपॉवर. पाणी नाही, रेडिएटर नाही, नळ्या नाहीत. थंड ठेवायला फक्त समोरून येणारा वारा. सिलिंडरच्या तळाशी जादा भोकं पाडलेली होती, म्हणजे पिस्टन खाली आला की गरम वायू तिथूनही लवकर बाहेर पडावा. त्याबरोबर तेलही बाहेर उडायचं आणि चालकाच्या अंगावर यायचं. असं इंजिन वीसेक मिनिटांत तापून धाप टाकू लागायचं. खाडी ओलांडायला ब्लेरिओला ३६-३७ मिनिटं लागली. मधे पावसाची सर लागली आणि तापलेल्या सिलिंडरांवर पाणी पडलं, हे तुम्ही सांगता ते इथे बसतं.

पण मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला एका उड्डाणात एक्झॉस्टच्या नळीवरचं अॅस्बेस्टॉसचं आवरण सुटलं आणि ब्लेरिओचा पाय भाजला. तो तसाच उडत राहिला. खाडी ओलांडायच्या सकाळी तो कुबड्या घेऊन विमानापर्यंत आला होता.

आणि त्याच्या सहा दिवस आधी ह्यूबर्ट लॅथम या दुसऱ्या वैमानिकाने तोच प्रयत्न आंत्वानेत इंजिनावर केला होता. ते इंजिन मला सगळ्यांत देखणं वाटतं. लेओं लव्हाव्हासरने केलेलं, आठ सिलिंडरचं, व्ही आकाराचं. ५० हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोंच्या आत. नाव भांडवल देणाऱ्या गास्तांबीदच्या मुलीचं. १९०६ मध्ये ब्राझीलचा वैमानिक सांतोस-द्युमों पॅरिसमध्ये उडाला तो याच इंजिनावर. यात पेट्रोल पंपाने मोजून प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी सोडलं जायचं; फ्युएल इंजेक्शन म्हणून आज गाडीच्या जाहिरातीत जे लिहितात त्याचा हा पणजोबा. उष्णतेवरचा उपायही हुशारीचा होता. पाणी नुसतं गरम होऊ द्यायचं नाही, त्याची वाफ होऊ द्यायची आणि ती वाफ नळ्यांतून थंड करून पुन्हा पाणी करायचं. पाण्याची वाफ होताना ते फार उष्णता खेचून नेतं, म्हणून थोड्या पाण्यात काम भागतं. आपण माठातलं पाणी गार करतो ते याच तत्त्वावर.

पण इंजेक्शनची ती बारीक तोंडं कचऱ्याने तुंबायची. १९ जुलैला लॅथमचं इंजिन खाडीवर बंद पडलं. तो पाण्यावर उतरला आणि जहाज येईपर्यंत विमानावर बसून सिगारेट ओढत राहिला. अंझानीचं ओबडधोबड, तेल ओकणारं इंजिन पलीकडे पोचलं आणि आंत्वानेतसारखं सुबक इंजिन पाण्यात गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातून एक वैद्य: आम्ही एरंडेल पोटासाठी देतो. जुन्या विमानांच्या इंजिनात एरंडेल घालत असं वाचलं. ते का? दुसरं तेल नव्हतं का?

दुसरं तेल होतं. जमिनीतलं खनिज तेल तेव्हा सर्रास वापरात होतं. पण एका विशिष्ट इंजिनाला ते चालत नव्हतं, आणि नेमकं तेच इंजिन त्या काळात सगळ्यांना हवं होतं.

त्याची कुळकथा आमच्या गुऱ्हाळाच्या जवळची आहे. फ्रान्समधले लुई सेगां जर्मनीच्या ओबरउर्सेल कारखान्याचं 'ग्नोम' नावाचं एका सिलिंडरचं, जागेवर बसवायचं इंजिन परवान्यावर करत. तेच आपल्या पंप आणि गिरणीच्या इंजिनाच्या जातकुळीचं. मग लुई आणि त्यांचा भाऊ लोरां यांनी त्याच नावाचं विमानाचं इंजिन काढलं. १९०९ पर्यंत ते उडू लागलं. सात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोल लावलेले, ५० हॉर्सपॉवर, वजन ७५ किलोंच्या आसपास. म्हणजे हॉर्सपॉवरला दीड किलो. राइटांचं होतं हॉर्सपॉवरला पावणेसात किलोंच्या आसपास.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे माझे विद्यार्थीही अडखळायचे. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर स्थिर आणि क्रँकशाफ्ट फिरतो. ग्नोममध्ये क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का बसवलेला, आणि सातही सिलिंडर, क्रँककेस आणि प्रोपेलर असं सगळं बोचकं त्याच्याभोवती मिनिटाला बाराशे फेऱ्यांनी गरगरायचं. मी वर्गात सायकल उलटी ठेवून दाखवायचो. आख नटाने आवळलेला, चाक फिरतंय. आऱ्यांच्या जागी सिलिंडर समजा.

याने दोन वजनं एकदम गेली. फिरणारे सिलिंडर स्वतःच जडचाक झाले, म्हणून वेगळं फ्लायव्हील नको. आणि सिलिंडर सतत हवेतून कापत जात असल्यामुळे विमान जमिनीवर उभं असतानाही त्यांना वारा मिळायचा, म्हणून पाणी नको. अंझानीला जो वारा पुढे गेल्यावरच मिळे, तो ग्नोमने स्वतःसाठी तयार केला. सिलिंडर घडीव निकेल पोलादाच्या भरीव ठोकळ्यातून कातून काढत, थंड ठेवणाऱ्या पात्यांसह. शेवटी भिंत उरायची दीड मिलिमीटर. एवढी पातळ भिंत तापली की किंचित वेडीवाकडी होते, आणि नेहमीची कडक रिंग तिच्याशी जुळून बसत नाही. म्हणून पिस्टनला पितळेची एक पातळ, लवचीक रिंग घालत, ती भिंतीच्या आकाराप्रमाणे वळायची.

आता तुमचं एरंडेल. सिलिंडर फिरत असल्यावर त्यांना पेट्रोलचा वायू बाहेरून नळीने कसा देणार? तो पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये सोडत, आणि तिथून पिस्टनच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून तो वर जाई. म्हणजे पेट्रोलचा वायू आणि वंगण एकाच खोलीत नांदायचे. खनिज तेल पेट्रोलमध्ये सहज विरघळतं आणि धुऊन जातं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजासहजी मिसळत नाही, धातूला चिकटून राहतं आणि उष्णतेतही घट्टपणा बऱ्यापैकी टिकवतं. राइटांची पहिली क्रँककेस ज्या कारणाने फुटली तेच कारण इथे एरंडेलाने टाळलं. माझे आजोबा बैलगाडीच्या आखाला एरंडेलात भिजवलेली चिंधी लावायचे. ऐन ऊसतोडीत गाडी लादलेली असली तरी आख कुरकुरत नसे. चिकटून राहण्याचा गुण तोच.

हे तेल परत टाकीत येत नसे. जळकं-अर्धजळकं होऊन एक्झॉस्टमधून बाहेर पडे आणि मागे बसलेल्या चालकाच्या चेहऱ्यावर, कपड्यांवर, नाकातोंडात जाई. पोटात गेल्यावर ते काय करतं हे तुम्ही मला सांगावं. चालकांना त्याचा त्रास होत असे. १९०९ साली इंग्लंडमध्ये वेकफिल्ड यांनी जे वंगण बाजारात आणलं त्याचं 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलं आहे.

त्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये रॅंस इथे विमानांचा पहिला मोठा मेळावा भरला. हेन्री फर्मान या वैमानिकाने ऐनवेळी आपल्या विमानाला ग्नोम लावलं आणि १८० किलोमीटर अंतर कापून लांब पल्ल्याचं बक्षीस घेतलं. तीन तासांहून जास्त. ब्लेरिओच्या खाडीनंतर जेमतेम महिना झाला होता. इंजिन तापून बंद पडेल या धास्तीतून माणूस त्या दिवशी सुटला, असं मी मानतो.

पुढे त्या फिरण्यानेच घोळ केला. एवढा जड भोवरा नाकाशी फिरत असला की विमान वळवताना नाक भलतीकडे जातं. पहिल्या महायुद्धातलं, याच जातीच्या इंजिनाचं सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान उजवीकडे वळताना नाक खाली घाली आणि डावीकडे वळताना वर उचली. नवशिक्या चालकांचे त्यात जीव गेले. आणि इंजिन जितकं मोठं, तितकी हवा कापण्यातच ताकद जाऊ लागली. युद्ध संपता संपता या जातीचे दिवस भरले.

साताऱ्याहून आयटीआयची, टर्नर ट्रेडची एक विद्यार्थिनी: सर, टेलरसारखा क्रँकशाफ्ट मी आमच्या वर्कशॉपमध्ये करू शकेन का? आमचे इन्स्ट्रक्टर म्हणतात, वेळ वाया घालवू नकोस.

बाळ, कर. तुझ्या इन्स्ट्रक्टरांना परीक्षेची काळजी आहे, ती रास्त आहे, म्हणून परीक्षा झाल्यावर कर. चार क्रँकचा नको, एका क्रँकचा कर. हाय कार्बन घेऊ नकोस, ईएन८ या मध्यम कार्बनच्या पोलादाची पट्टी घे, ती मऊसर कापली जाते. आखण्याआधी पट्टीला निळा रंग लावून घे, म्हणजे स्क्राइबरची रेषा स्पष्ट दिसेल. भोकं रेषेवर पाडू नकोस. रेषेच्या बाहेर निदान दोन मिलिमीटर सोड, कारण ड्रिल हमखास आत सरकतं. छिन्नी चालवताना गॉगल घालच. पट्टी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून उतरव, एकाच बाजूने उतरवलीस तर ती वाकेल. क्रँकपिन टर्न करताना समोरच्या बाजूला वजन बांधून तोल साध, आणि लेथ सगळ्यात कमी वेगावर ठेव. क्रँकच्या दोन पाख्यांमधली जागा टर्निंगच्या वेळी चेपू नये म्हणून तिथे लाकडाचा ठोकळा घट्ट बसव.

चार्ली टेलरचा जन्म २४ मे १८६८ चा. अमेरिकेत काही ठिकाणी तो दिवस विमान दुरुस्त करणाऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात, आणि पन्नास वर्षं हे काम केलेल्या मेकॅनिकला तिथलं सरकार त्याच्या नावाने सन्मान देतं. सुरू करण्याआधी पट्टी तोलून वजन लिहून ठेव, आणि शाफ्ट झाल्यावर पुन्हा तोल. दोन्ही आकडे मला कळव, या सदरात छापू.